गळ्यातल्या डबीतला कागद : केनियातल्या 'वाचणाऱ्यां'ची गोष्ट

१९२० च्या आसपास केनियातल्या किकुयू जमातीतला एखादा तरुण मजुरीसाठी गाव सोडून निघाला की त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेली धातूची छोटी डबी असायची. डबीत घडी घातलेला कागद. त्यावर त्याचं नाव, जमात, बोटांचे ठसे, कुणाच्या मळ्यावर कधी काम केलं, मजुरी किती मिळाली आणि शेवटी मालकाने कामावरून मोकळं केल्याची सही. या कागदाला स्वाहिलीत किपांडे म्हणायचे. शब्दाचा साधा अर्थ 'तुकडा'. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला तो जवळ ठेवण्याची सक्ती होती. मालकाची सही नसेल तर तो पळून आलेला मजूर ठरायचा आणि पोलिसांनी धरला की दंड किंवा तुरुंग. किकुयू लोकांनी त्या डबीचं नाव पाडलं होतं म्बुगी, म्हणजे शेळीच्या गळ्यातली घंटा.

गळ्यात ती डबी घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांना आतला कागद वाचता येत नव्हता. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे दुसऱ्याला विचारावं लागे. या माणसांच्या आयुष्यात अक्षर आधी गळ्यात अडकलं आणि हातात फार उशिरा आलं. ते हातात कसं आलं आणि आल्यावर त्यांनी त्याचं काय केलं, हे समजून घेतल्याशिवाय केनियाचं स्वातंत्र्य नीट कळत नाही असं मला वाटतं.

आफ्रिकेच्या स्वातंत्र्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचते ती साधारण एकाच साच्यात. काही हुशार तरुण लंडनला किंवा अमेरिकेला शिकायला गेले, तिथून नव्या कल्पना घेऊन आले, सभा गाजवल्या, आणि एक दिवस इंग्रजांचा झेंडा उतरला. यात खोटं काही नाही, पण एक मोठा प्रश्न तसाच राहतो. सभेत खाली बसलेल्या माणसाला ते बोलणं आपलं का वाटलं? शेजारच्या डोंगरापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांना तो 'आपले लोक' कधीपासून म्हणायला लागला? याचं उत्तर शोधताना इतिहासाचे अभ्यासक गेल्या काही दशकांत मोठ्या पुढाऱ्यांपासून जरा दूर गेले आणि गावागावांतल्या कारकून, शाळामास्तर, रेल्वेचा गार्ड, भजनं रचणारा, मिशनची शाळा अर्धवट सोडलेला अशा माणसांकडे वळले. त्यांना 'स्थानिक बुद्धिवंत' म्हणतात. नाव जड आहे, माणूस ओळखीचा आहे. गावात पत्र आलं की लोक ज्याच्याकडे वाचून घ्यायला जातात, अर्ज ज्याच्याकडून लिहून घेतात आणि मग त्याचं मतही विचारतात, तो हा माणूस.

किकुयू भाषेत अशांसाठी नेमका शब्द होता. ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांना लोक आथोमी म्हणायचे, म्हणजे 'वाचणारे'. नवा धर्म आणि वाचन या दोन गोष्टी लोकांच्या डोळ्यांसमोर एकत्रच आल्या होत्या, त्यामुळे एकाच नावात बसल्या. मिशनरी मंडळींना वाचक हवे होते ते बायबल वाचण्यासाठी. सरकारला आणि गोऱ्या मळेवाल्यांना हवे होते हिशोब ठेवणारे कारकून आणि सांगितलेलं कळणारे कामगार. पण एकदा वाचता आलं की माणूस काय वाचेल आणि त्यातून काय काढेल, यावर देणाऱ्याचा ताबा राहत नाही.

याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण एका शब्दाचं आहे. किकुयू भाषेतला नवा करार १९२६ मध्ये छापून आला. त्यात येशूच्या आईसाठी 'कुमारी' या अर्थी भाषांतरकारांनी मुइरितु हा शब्द घेतला. किकुयू समाजात मुइरितु म्हणजे वयात येतानाचा विधी झालेली, अजून लग्न न झालेली मुलगी. त्या विधीत मुलीची सुंता करत. भाषांतर करणाऱ्यांच्या हे लक्षात आलं असो वा नसो, वाचणाऱ्यांच्या आलं. तीनच वर्षांनी, १९२९ मध्ये, मिशनांनी मुलींच्या सुंतेविरुद्ध जोरदार मोहीम उघडली, तेव्हा लोकांनी हेच पुस्तक पुढे केलं. तुमच्याच ग्रंथात मेरी मुइरितु आहे, मग आमच्या मुली तशा झाल्या तर पाप कसं?

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ती प्रथा मुलींच्या शरीराला आणि जिवाला इजा करणारीच होती, आणि त्या वादात बोलणारे जवळजवळ सगळे पुरुष होते, गोरेही आणि काळेही. ज्यांच्या देहावर हे चाललं होतं त्यांचा आवाज त्या काळच्या कागदांत फार कमी सापडतो. तरीही हा वाद एवढा का पेटला, ते समजून घ्यायला हवं. मिशनांनी शिक्षकांकडून आणि चर्चच्या सभासदांकडून ही प्रथा सोडल्याची लेखी प्रतिज्ञा मागितली. ज्यांनी दिली त्यांना लोक किरोरे म्हणायला लागले. किरोरे म्हणजे अंगठ्याचा ठसा. जे अडून बसले ते कारिंगा, अस्सल. म्हणजे समाज दुभंगला तो एका कागदावर अंगठा उठवला की नाही यावरून. किपांडेवर ठसे घेणारं तेच सरकार, आणि आता देवळातही ठसा! वाद हळूहळू मुलींवरून सरकला आणि आमच्या घरात काय व्हावं हे ठरवणारे तुम्ही कोण, या प्रश्नावर येऊन ठेपला.

त्यातून एक फार मोठी गोष्ट उभी राहिली. मिशनच्या शाळांतून बाहेर पडलेल्या लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. पालकांनी पैसे गोळा केले, बायकांनी दगड-माती वाहिली, मास्तर गावातलाच. १९३० च्या दशकात अशा शाळांच्या दोन संघटना झाल्या. या शाळांची एक मागणी बाहेरच्यांना बुचकळ्यात टाकणारी होती. मुलांना इंग्रजी लवकर शिकवा, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारचा कल सुरुवातीची वर्षं स्थानिक भाषेत शिकवण्याकडे होता आणि लोकांना त्यात डाव दिसत होता. जमिनीचे कायदे, कोर्टाचे निकाल, गव्हर्नरची पत्रं सगळं इंग्रजीत. मग आमची मुलं ती भाषा उशिरा का शिकणार? या शाळांना मास्तर मिळावेत म्हणून १९३९ मध्ये गिथुंगुरीला शिक्षकांचं कॉलेज सुरू झालं. ते काढणारा म्बियू कोइनांगे अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आला होता.

थोडं मागे जाऊन वर्तमानपत्रांकडे येऊ. किपांडे आणि मजुरी कपातीविरुद्ध पहिली मोठी चळवळ उभी करणारा हॅरी थुकू आधी गोऱ्यांच्या वर्तमानपत्रात खिळे जुळवायचा आणि नंतर नैरोबीत सरकारी खजिन्याच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होता. मार्च १९२२ मध्ये त्याला पकडलं, तेव्हा पोलीस चौकीबाहेर हजारो लोक जमले. मेरी मुथोनी न्यांजिरू नावाच्या बाईने पुरुषांना हिणवत गर्दी पुढे नेली. गोळीबार झाला, सरकारी आकड्यानुसारही वीसच्या वर माणसं मेली, तीही त्यांत होती. थुकूची पत्रकं छापायला मदत करणारा मणिलाल देसाई नैरोबीतला भारतीय पुढारी आणि संपादक होता. तिथून ही साखळी पुढे बराच काळ चालली. नैरोबीत छापखाने होते ते गोऱ्यांचे आणि भारतीयांचे. आफ्रिकी माणसाला स्वतःचं काही छापायचं तर भारतीयाच्या दारात जावं लागे. गिरधारीलाल विद्यार्थी यांच्या छापखान्यातून आफ्रिकी भाषांतली पत्रं निघाली आणि सरकारविरोधी मजकुरासाठी त्यांनी १९४० च्या दशकात तुरुंगही पाहिला. स्वाहिलीत छापण्याला चापा म्हणतात. तो आपल्या 'छाप'च्याच कुळातला मानला जातो. गाडीला गारी आणि दुकानाला दुका म्हणणाऱ्या भाषेत तो शोभतोही.

१९२८ च्या मे महिन्यात किकुयू भाषेतलं पहिलं राजकीय मासिक निघालं, मुइग्विथानिया. अर्थ साधारण 'समेट घडवणारा'. त्याचा संपादक आधी नैरोबी नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचायचा. सायकलवरून घरोघर फिरणाऱ्या या माणसाचं नाव जॉनस्टन केन्याटा. पुढे जग त्याला जोमो केन्याटा म्हणून ओळखणार होतं. मासिकात सरकारला शिव्या जवळजवळ नव्हत्या. जास्त जागा होती ती म्हणी, वडिलधाऱ्यांचे दाखले, मेहनतीचा उपदेश, शहरात बहकलेल्या पोरांबद्दलची काळजी यांना. आज ते वाचणाऱ्याला यात राष्ट्रवाद कुठे आहे असा प्रश्न पडेल. पण वेगवेगळ्या टेकड्यांवर, वेगवेगळ्या कुळांत राहणारी माणसं एकाच महिन्यात एकच मजकूर वाचत होती आणि त्यावर पत्रं लिहीत होती. 'आपण किकुयू' हे वाक्य रोजच्या बोलण्यात रुळायला असा मजकूर लागतो. अंक विकत घेणारे थोडे, पण एक प्रत अनेक हातांतून फिरायची आणि जिथे एक वाचणारा तिथे दहा ऐकणारे असायचे.

या मंडळींत माझा सर्वांत जास्त जीव जडला तो हेन्री मुओरियावर. जन्म १९१४. शिक्षण जेमतेम, नोकरी रेल्वेत गार्डची. इंग्लंडहून पत्राने पत्रकारितेचे धडे मागवून त्याने स्वतःला घडवलं. १९४५ मध्ये त्याने 'काय करावं आपण, माझ्या लोकांनो?' अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका किकुयूत लिहिली, नोकरी सोडली आणि मुमेन्येरेरी हे पत्र सुरू केलं. अर्थ 'सांभाळणारा', राखणदार. पुस्तिकेत तो ग्रीक तत्त्वज्ञांपासून बायबलपर्यंत सगळ्यांना हाताशी धरतो, पण बोलतो ते मात्र घरच्या भाषेत: विचार करायला शिका, एकमेकांच्या पायात पाय घालू नका, काम करा, शिका. १९५२ पर्यंत त्याच्या पत्राचा खप दहा हजारांच्या घरात गेला होता. त्या समाजात वाचणारे किती होते हे लक्षात घेतलं तर हा आकडा प्रचंड आहे. १९४६ मध्ये केन्याटा विलायतेहून पंधरा वर्षांनी परतला, तेव्हा त्याची भाषणं गावोगाव पोचवली ती मुओरियाने.

आता या सगळ्या लेखनाच्या मुळाशी जो वाद होता त्याबद्दल. तो समजला की पुढचा रक्तपातही समजतो. किकुयूत एक शब्द आहे, विआथी. आपण त्याचं भाषांतर 'स्वातंत्र्य' असं करून मोकळे होतो, पण तो आहे 'स्वतःचा धनी असणं'. ज्याच्याकडे जमीन आहे, जो घाम गाळून ती कसतो, लग्न करतो, पोरंबाळं पोसतो, पाहुण्याला खाऊ घालतो, तो विआथी असलेला माणूस. त्याचंच चार माणसांत ऐकलं जातं. ज्येष्ठ म्हणायचे, ज्याच्याकडे काही नाही तो आळशी, त्याने राजकारण काय शिकवावं? तरुणांचं उत्तर होतं: आमची उत्तम जमीन गोऱ्यांनी घेतली, उरलेली आपल्यातल्याच मोठ्या लोकांनी आणि सरकारने नेमलेल्या मुखियांनी बळकावली, मेहनत करायची कशावर? जमिनीशिवाय आम्ही मोठे होणार कसे? लग्न कधी करणार?

म्हणजे इंग्रज जावेत यावर जवळपास एकमत होतं, पण ते गेल्यावर बोलण्याचा हक्क कुणाचा, यावर नव्हतं. मुओरियासारखे लोक ज्येष्ठांच्या बाजूने, धीराने, शिक्षणाने पुढे जाऊ म्हणत होते. नैरोबीतल्या कामगार संघटनांतली आणि मळ्यांवरून हाकलून दिलेली पोरं आता थांबायला तयार नव्हती. ज्याला इंग्रजांनी माऊ माऊ म्हटलं त्या बंडाची स्वतःची घोषणा होती इथाका ना विआथी: जमीन आणि स्वतःचं धनीपण. सरकारच्या बाजूने बंदूक घेतलेले अनेक किकुयूही जमीन-घर राखण्याच्या याच भाषेत बोलत होते. एकच शब्द दोन्ही बाजूंच्या तोंडी होता.

२० ऑक्टोबर १९५२ ला आणीबाणी जाहीर झाली. केन्याटासह पुढारी उचलले, आफ्रिकी भाषांतली पत्रं बंद केली, लोकांच्या स्वतंत्र शाळांना कुलपं ठोकली. गिथुंगुरीच्या कॉलेजच्या आवारात पुढे फाशीचा खांब उभा राहिला. लोकांनी पै-पै जमवून बांधलेल्या शाळेचं हे झालं! आणीबाणीच्या काळात एकूण १,०९० माणसांना फासावर चढवलं गेलं. मुओरिया त्या वेळी लंडनमध्ये होता, त्याला परतता आलं नाही. रेल्वेची नोकरी सोडून संपादक झालेला हा माणूस लंडनच्या भुयारी रेल्वेत पुन्हा गार्ड झाला, लिहीत राहिला आणि १९९७ मध्ये तिथेच वारला.

केन्याटा आणि पाच साथीदारांवर कापेनगुरियात खटला चालला, तेव्हा बचावाच्या वकिलांत भारतातून आलेले दिवाण चमनलाल होते, आणि मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या कुटुंबातला तरुण वकील फिट्झ डिसूझाही होता. आणखी एक गोवेकर नाव इथे घ्यायलाच हवं. पियो गामा पिंटो नैरोबीत जन्मला, शिकायला भारतात आला, मुंबईत गोवा मुक्तीच्या कामात पडला आणि १९४९ मध्ये केनियाला परतला. तिथे त्याने नैरोबीचं 'डेली क्रॉनिकल' संपादित केलं, किकुयूंच्या जमिनीच्या गाऱ्हाण्यांची निवेदनं तयार करायला मदत केली. १९५४ मध्ये त्याला पकडून मांडा बेटावरच्या छावणीत टाकलं. स्वातंत्र्यानंतर जमीन भूमिहीनांना मिळावी हा आग्रह त्याने सोडला नाही. २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत घरासमोर, गाडीत मुलगी बसलेली असताना, त्याला गोळ्या घातल्या.

त्याच मांडा बेटावर गाकारा वा वांजाऊ हा किकुयू लेखकही काही काळ होता. गुन्हा काय, तर पुस्तिका आणि गाणी लिहिली. ती गाणी मिशनच्या भजनांच्या चालीवर होती. चाल ऐकून गोऱ्यांना ती देवाचीच वाटत. गाकाराने छावणीत लपूनछपून रोजनिशी लिहिली. ती तीस वर्षांनी किकुयूत छापून आली आणि १९८४ मध्ये तिला आफ्रिकी लेखनासाठीचा नोमा पुरस्कार मिळाला.

आणि जंगल. अबरडेअरच्या डोंगरांत, पावसात, विमानांतून बाँब पडत असताना, बंडखोरांचा सेनानी देदान किमाथी वह्या ठेवायचा हट्ट धरून होता. तो स्वतः काही काळ शाळामास्तर होता. कोण कधी भरती झाला, कोणत्या तळावर किती माणसं, कुणाला कुठे गोळी लागली, कुणी धान्य पुरवलं, सगळं लिहा. त्याचा लेखनिक करारी न्जामाही मास्तरच. या नोंदी कशासाठी? उद्या आपलं सरकार येईल, तेव्हा कुणी काय सोसलं ते त्याला कळायला हवं, मेलेल्याच्या मुलांना जमीन मिळायला हवी. भिजलेल्या वहीत हे लिहिणारी माणसं अजून न जन्मलेल्या देशाचे कारकून होती. किपांडेवर मालक आपली नोंद ठेवायचा. इथे पहिल्यांदा ते स्वतःची नोंद ठेवत होते.

पण याच वह्यांवरून जंगलातही फूट पडली. किमाथीने 'केनिया पार्लमेंट' स्थापन केलं, त्यात लिहितावाचता येणाऱ्यांचं वजन. स्टॅन्ली माथेंगे आणि त्याच्याभोवतीच्या अक्षरशत्रू लढवय्यांना हे सलत होतं. लढतो आम्ही आणि पदव्या, हुकूम, कागद मात्र या शिकलेल्यांच्या हाती. आमच्याबद्दल काय लिहिलंय ते आम्हाला कसं कळणार? त्यांनी वेगळी चूल मांडली, केनिया रीगी नावाने. त्यांचा संशय मला समजतो. गळ्यात डबी अडकवलेल्या माणसाला आतल्या कागदाबद्दल हाच प्रश्न पडायचा.

या साऱ्या लेखनाची आणखी एक मर्यादा आहे, ती टाळून चालणार नाही. किकुयूतल्या मजकुराने किकुयूंना एक केलं, पण व्हिक्टोरिया सरोवराकाठचा लुओ माणूस तो वाचू शकत नव्हता. तो त्याच्या भाषेतलं 'रामोगी' हे पत्र वाचत होता. इंग्रजी फार थोड्यांची, स्वाहिली सगळ्यांची असूनही, किनारपट्टी सोडली तर, जवळजवळ कुणाच्याच घरची नाही. 'आपले लोक' कुठपर्यंत, याचं उत्तर प्रत्येक छापखान्यातून वेगळं निघत होतं, आणि केनियाच्या निवडणुकांत तो प्रश्न आजही जिवंत आहे.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. केन्याटाच्या सरकारने जुनं विसरून जाऊ या म्हटलं. जमीन बऱ्याच अंशी ज्यांच्याकडे पैसा आणि ओळखी होत्या त्यांच्याकडे गेली, जंगलातून आलेल्यांच्या वह्या कुणी मागितल्या नाहीत. माऊ माऊवरची बंदी उठायला २००३ साल उजाडलं.

मग छळछावण्यांत हाल सोसलेल्या म्हाताऱ्या स्त्री-पुरुषांनी लंडनच्या कोर्टात ब्रिटिश सरकारवर दावा लावला. त्या खटल्यात २०११ मध्ये उघड झालं की वसाहती सोडताना इंग्रजांनी हजारो फायली गुपचूप इंग्लंडला नेल्या होत्या आणि हॅन्सलोप पार्क नावाच्या ठिकाणी त्या दडवून ठेवल्या होत्या. केनियाच्या फायलींत छावण्यांतल्या मारहाणीबद्दल अधिकाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं होती. जून २०१३ मध्ये ब्रिटनने खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंड देण्याचं मान्य केलं. दाव्यात पुढे उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी काहींनी आपल्या जबानीखाली सहीच्या जागी अंगठा उठवला होता.